‘त्याला त्या दिवशी काय माहीत होतं?’ : इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नववी-दहावीला इतिहास शिकवणारे माझे शिक्षक बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते आहे. दुसरं महायुद्ध दर वर्षी येतं आणि दर वर्षी घाईत जातं, कारण तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका घाईच्या तासाला मी फळ्यावर नाझींनी मारलेल्या ज्यूंचा ‘६० लाख’ असा आकडा लिहिला, छळछावण्यांबद्दल दहा-बारा वाक्यं सांगितली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. “मॅडम, एवढे लोक होते, मग सगळे गपगुमान मेले कसे? कुणीच उलटा हात उचलला नाही?” तास संपायला चार मिनिटं उरली होती. मी म्हणाले, “शस्त्रं नव्हती रे त्यांच्याकडे. आणि भीती केवढी.” तेवढ्यात घंटा झाली. दप्तर भरता भरता तो शेजारच्याला म्हणाला, “म्हणजे भित्रेच होते.” मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी थांबले नाही. हजेरीपट आणि डस्टर उचलून वर्गाबाहेर पडले.

तो शब्द मी त्या मुलाच्या मनात तसाच राहू दिला, याची बोच अजून गेलेली नाही. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलाला तोच प्रश्न पडणार. चुकीचं होतं ते माझं उत्तर, कारण मलाच फारसं माहीत नव्हतं. त्यानंतर मी जमेल तसं वाचत गेले, आणि मुद्दाम त्या मुलाच्याच वयाच्या पोरापोरींबद्दल वाचत गेले. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंमध्ये पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती. जी मारली गेली ती, जी वाचली ती, जी पळाली, लढली, लपली, लिहीत राहिली ती. त्यांच्याबद्दल वाचून झाल्यावर मला फळ्यावर नुसता आकडा लिहिणं जमेना. म्हणून हे पत्र.

आधी ‘भित्रे’ या शब्दाचंच बघू. जर्मनांच्या कैदेत सोव्हिएत लष्कराचे तीस लाखांहून अधिक सैनिक मेले. उपासमारीने, थंडीने, गोळ्यांनी. ही सगळी तरणीबांड, लष्करी शिक्षण घेतलेली माणसं होती. त्यांच्या अंगावर ना तान्ही मुलं होती, ना म्हाताऱ्या आया. त्यांनाही बहुतेकांना काही करता आलं नाही, आणि तरी त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. हे एवढं जरी वर्गात सांगितलं तरी मुलं विचारात पडतात, हा माझा अनुभव आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. एखाद्या मुलाचं नाव घ्यावं, गाव सांगावं, तारीख सांगावी.

पोलंडमध्ये इझ्बित्सा नावाचं छोटं गाव आहे. तिथला थॉमस ब्लाट, घरचे त्याला तोइवी म्हणायचे. जन्म एप्रिल १९२७ चा. २८ एप्रिल १९४३ ला त्याला, त्याच्या आईवडिलांना आणि धाकट्या भावाला सोबीबोरला नेलं. सोबीबोर ही काम करून घेण्याची छावणी नव्हती. आलेल्या माणसांना त्याच दिवशी विषारी वायूने मारण्यासाठी ती बांधलेली होती, आणि तिथे किमान १ लाख ६७ हजार माणसं मारली गेली. ती चालू ठेवायला काही शे कैदी लागत: मेलेल्यांचे कपडे निवडायला, बूट दुरुस्त करायला, अधिकाऱ्यांची कामं करायला. तोइवीला त्या कामासाठी वेगळं काढलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला होत होते. त्या गडबडीत तो आईला काय म्हणाला, हे त्याने पुढे सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, काल तू मला सगळं दूध पिऊ दिलं नाहीस, आजच्यासाठी राखून ठेवायचं म्हणालीस. आई त्याच्याकडे बघत राहिली. अशा वेळी तुला हे आठवतंय, एवढंच ती म्हणाली. ते त्यांचं शेवटचं बोलणं. आईवडील आणि भाऊ त्याच दिवशी मारले गेले. ते वाक्य आपण का बोललो, हा सल त्याला म्हातारपणापर्यंत राहिला.

ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मी काहीही समजावून सांगत नाही. आईशी शेवटचं काहीतरी तुसडं बोलून शाळेला निघालेली चार-पाच मुलं प्रत्येक वर्गात असतात. ती खाली बघायला लागतात.

पुढे सहा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९४३ ला, त्याच छावणीत उठाव झाला. लिऑन फेल्डहेंडलर हा तिथला कैदी आणि अलेक्झांडर पेचेर्स्की हा पकडून आणलेला सोव्हिएत ज्यू अधिकारी, या दोघांनी बेत आखला. बेत असा की, एसएस म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या एकेका अधिकाऱ्याला वेगवेगळ्या निमित्ताने शिंप्याच्या, चांभाराच्या खोलीत, गोदामात बोलवायचं आणि आवाज न होता कुऱ्हाडीने संपवायचं. निरोप कोण देणार? पोरं. अधिकाऱ्यांचे बूट पुसणारी, सांगितलेली कामं धावत करणारी किशोरवयीन मुलं छावणीत कुठेही फिरली तरी कुणाला संशय येत नसे. साहेब, तुमच्यासाठी चामड्याचा एक उत्तम कोट निघालाय, येऊन अंगात घालून बघता का. असे निरोप या मुलांनी नेले. चेहऱ्यावर काही दिसू न देता नेले. अकरा एसएस मारले गेले, मग गोळीबार सुरू झाला आणि सगळे कुंपणाकडे धावले. तोइवी तारांमधून निघत असताना कुंपण त्याच्यावर कोसळलं आणि त्याचा कोट काट्यांत अडकला. तो अडकून पडला तेवढ्यात पुढचे लोक धावत गेले आणि सुरुंगांवर पडले. कोट तिथेच सोडून तो बाहेर सरकला, आणि आता सुरुंग फुटून मोकळ्या झालेल्या वाटेने जंगलात पोहोचला. कोट अडकला म्हणून वाचला. छावणीतल्या सहाशेच्या आसपास कैद्यांपैकी निम्मे त्या दिवशी बाहेर पडले. युद्ध संपेपर्यंत त्यांतले जिवंत राहिले जेमतेम पन्नास-साठ.

बाकीच्यांचं काय झालं, हेही मुलांना सांगायला हवं, नाहीतर जंगल म्हणजे सुटका असं त्यांना वाटतं. तोइवी आणि त्याच्या दोन सोबत्यांना एका शेतकऱ्याने मोबदला घेऊन काही महिने लपवलं, आणि मग एके दिवशी त्याच घरातून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक सोबती तिथेच मेला. तोइवीच्या जबड्यात गोळी शिरली. तो मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. ती गोळी त्याने जन्मभर जबड्यात वागवली. चाळीस वर्षांनंतर सोबीबोरच्याच एका जुन्या एसएस अधिकाऱ्यासमोर बसून त्याने त्याला प्रश्न विचारले. तो २०१५ मध्ये वारला.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न परत घेऊ: उलटा हात का नाही उचलला? माझ्या मते या प्रश्नाला आपण वर्गात दुसऱ्या प्रश्नाने भिडावं. ‘त्या मुलाला त्या दिवशी काय माहीत होतं? आणि त्याने काही केलं असतं तर त्याची किंमत कुणी मोजली असती?’ हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि तो समजण्यासाठी विल्नाकडे जावं लागतं. आजचं लिथुआनियातलं विल्निअस.

जून १९४१ मध्ये जर्मन तिथे शिरले. शहराजवळच्या पोनारीच्या जंगलात खोल खड्डे होते. लोकांना ‘कामाला’ म्हणून नेत आणि तिथे गोळ्या घालत. ते वर्ष संपेपर्यंत शहरातले बहुसंख्य ज्यू मारले गेलेले होते, आणि घेटोत, म्हणजे ज्यूंसाठी वेगळ्या काढलेल्या बंदिस्त वस्तीत, कोंडलेल्या उरलेल्यांना अजूनही खात्री नव्हती की माणसं नक्की कुठे गेली. पोनारीतून जखमी अवस्थेत परतलेल्या एखाद-दुसऱ्याने सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते खरं वाटेना. हे आपण मुलांना दहादा सांगायला हवं. आपल्याला शेवट माहीत आहे. त्यांना नव्हता. एका अख्ख्या जमातीला म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, तान्ह्यांसह संपवायचं, असं याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

३१ डिसेंबर १९४१ च्या रात्री घेटोतल्या सूप देण्याच्या जागेत दीडशेच्या आसपास तरुण-तरुणी जमली. बाहेरच्यांना वाटावं की नव्या वर्षाची पार्टी चालली आहे. तिथे अब्बा कोव्हनर नावाच्या २३ वर्षांच्या कवीने एक जाहीरनामा वाचला. हिटलरने युरोपातल्या सगळ्या ज्यूंना मारायचं ठरवलंय, हे तिथे पहिल्यांदा इतक्या स्वच्छ शब्दांत म्हटलं गेलं. आणि मेंढरांसारखं कत्तलीला जायचं नाही, असं आवाहन केलं गेलं. ‘मेंढरांसारखे गेले’ हा शेरा पुढे जगभर त्या मेलेल्या माणसांवरच मारला गेला. मुळात ती एका तरुणाने आपल्याच माणसांना घातलेली साद होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्या त्या तासाची लाज वाटली.

त्या जमलेल्यांनी तीनच आठवड्यांत लढाऊ संघटना उभी केली. चोरून शस्त्रं आणली. पण घेटोत राहून लढायचं की जंगलात जायचं, यावरून त्यांची झोप उडालेली असायची. जंगलात गेलं तर आईवडिलांना मागे टाकून जायचं. आणि जर्मनांचा नियम असा की, एक पळाला तर त्याच्या घरची माणसं आणि त्याच्या कामाच्या तुकडीतली माणसं मारायची. हे नुसतं धमकीपुरतं नव्हतं, खरंच मारत. मी वर्गात हे सांगून थांबते, तेव्हा मुलं आपोआप एकमेकांकडे बघतात. शूर कोण आणि भित्रा कोण, हा हिशेब त्या क्षणी कुणालाच मांडता येत नाही. आईसाठी मागे राहिलेली सतरा वर्षांची मुलगी आणि आईच्याच सांगण्यावरून जंगलात निघालेली तिची मैत्रीण, यांना मी तरी वेगवेगळे गुण देऊ शकत नाही.

याच विल्नात इत्सखोक रुदाशेव्स्की होता. आईवडिलांचा एकुलता एक. वडील यिद्दिश या ज्यूंच्या भाषेतल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवणारे, आई शिवणकाम करणारी. त्याची डायरी म्हणजे आपल्यासारख्या इतिहास शिकवणाऱ्यांनी तर वाचायलाच हवी अशी गोष्ट आहे, कारण हा मुलगा इतिहासाचा विद्यार्थी होता. घेटोतल्या शाळेत आणि युवक मंडळात त्यांचा इतिहासाचा एक गट होता. त्या गटाने ठरवलं की आपण ज्या वाड्यांमध्ये राहतो, तिथल्या प्रत्येक बिऱ्हाडाची हकिकत लिहून काढायची. प्रश्नावली तयार केली आणि पोरं घरोघर गेली. एका घरी एका बाईकडून त्याला ऐकावं लागलं की दुसऱ्यांच्या जखमा कशाला उकरतोस, आमचं काय झालं ते दिसतंच आहे. त्याने डायरीत लिहिलं आहे की तिचं बरोबर आहे. पण सगळं लिहून ठेवलं पाहिजे, रक्ताने माखलेलंसुद्धा, कारण एके दिवशी याचा हिशेब होणार आहे. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आपण नववीच्या मुलांना ‘आजी-आजोबांची मुलाखत घ्या’ असा प्रकल्प देतो. त्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर या मुलाचं नाव असावं, अशी माझी इच्छा आहे.

१० डिसेंबर १९४२ ला तो पंधरा वर्षांचा झाला. त्या दिवशीच्या नोंदीत तो म्हणतो की घेटोतला वेळ मी वाया घालवत नाही, मी शिकतोय, वाचतोय, आणि त्यामुळे मला जणू आनंद वाटतो. तीनच दिवसांनी घेटोच्या वाचनालयाने एक लाखावं पुस्तक वाचकाला दिल्याचा सोहळा केला. त्याचीही नोंद त्याने केली आहे. पोनारीचे खड्डे तिथून काही मैलांवर. सप्टेंबर १९४३ मध्ये घेटो मोडून काढला, तेव्हा रुदाशेव्स्की कुटुंब माळ्यावर लपलं. दोनेक आठवड्यांत ते सापडले आणि पोनारीला नेऊन मारले गेले. त्याची नात्यातली एक बहीण निसटली आणि जंगलातल्या गनिमी तुकड्यांना जाऊन मिळाली. शहर मुक्त झाल्यावर ती त्या लपण्याच्या जागी परत गेली आणि तिला ही वही मिळाली. एकाच घरातली दोन मुलं. एकाने पेन्सिल धरली, एकीने जंगल धरलं. तिने जंगल धरलं म्हणून त्याची वही राहिली.

लढले ते सगळे पुरुष होते असंही मुलींना वाटू देऊ नका. एका घेटोतून दुसऱ्या घेटोत बातम्या, पैसे, खोटी कागदपत्रं आणि पुढे पिस्तुलं पोहोचवण्याचं काम मुख्यतः अठरा-वीस वर्षांच्या मुलींनी केलं. त्याचं कारण अगदी साधं आहे. संशय आला की मुलाची विजार उतरवून सुंता झालीय का ते बघत, मुलींची तशी ओळख पटत नसे. शिवाय ज्यू घरांतले बरेच मुलगे धार्मिक शाळेत जात आणि मुली सरकारी पोलिश शाळेत, त्यामुळे मुलींचं पोलिश अस्खलित असे. बोलताना हेल येत नसे. रेन्या कुकिएल्का ही त्यांतलीच एक, जन्म १९२४ चा. पोलंडमधल्या बेंजिन गावच्या ज्यू गुप्त गटासाठी तिने वॉर्सॉच्या फेऱ्या केल्या, पकडली गेली, मार खाल्ला, तुरुंगातून निसटली आणि १९४४ च्या मार्चमध्ये पॅलेस्टाइनला पोहोचली. वॉर्सॉ घेटोच्या उठावात सिम्खा रोटेम, टोपणनाव काझिक, एकोणीस वर्षांचा होता. मे १९४३ मध्ये घेटो जळत असताना त्याने शहराखालच्या गटारांतून वाट काढत तीसेक लढवय्यांना बाहेर आणलं. भर दिवसा, एका ट्रकमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत. वॉर्सॉबद्दल बरंच लिहिलं गेलंय, म्हणून इथे लांबवत नाही.

नोवोग्रुदेकबद्दल मात्र आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. आज हे गाव बेलारूसमध्ये आहे. तिथल्या न्यायालयाच्या आवारात श्रमछावणी होती. इदेल कागान, पुढे इंग्लंडमध्ये गेल्यावर जॅक कागान झाला, याचा जन्म १९२९ चा. १९४२ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा पळाला. बर्फात पाय गोठले, परत यावं लागलं, आणि पायाची बोटं भूल न देता कापावी लागली. तेरा वर्षांचं पोर. मग महिनोन्महिने फळीवर पडून. मे १९४३ मध्ये त्याची आई आणि बहीण मारली गेली. उरलेल्या कैद्यांनी तेव्हा ठरवलं की जमिनीखालून जायचं. सुतारांनी लाकूड दिलं, बिजलीवाल्याने तार ओढून आत दिवे लावले, निघालेली माती माळ्यावर आणि दुहेरी भिंतींच्या पोकळीत भरली. दोनेकशे मीटरचं भुयार तयार झालं. २६ सप्टेंबर १९४३ च्या वादळी रात्री अडीचशेच्या आसपास माणसं त्यातून सरपटत गेली. बोटं नसलेल्या पायांवर चालायची सवय करून बसलेला चौदा वर्षांचा इदेलही गेला. काही जण उजेडातून एकदम काळोखात आल्याने दिशा चुकले, परत छावणीच्याच बाजूला धावले आणि गोळ्यांना बळी पडले. इदेल बिएल्स्की बंधू या ज्यू गनिमी लढवय्यांच्या जंगलातल्या वस्तीत पोहोचला. त्या वस्तीत १९४४ च्या उन्हाळ्यात सुटका होईपर्यंत बाराशेच्या आसपास ज्यू जिवंत राहिले, म्हातारे आणि मुलंसुद्धा.

वर्गात भुयाराचा नकाशा काढायला सांगा. मुलं मन लावून काढतात. मग विचारा, माती कुठे टाकाल? या एका प्रश्नावर माझा अख्खा तास गेलेला आहे आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

आता ज्याच्यामुळे मला या विषयाचं वेड लागलं त्या मुलाबद्दल. पेत्र गिन्झ, प्राग. जन्म १ फेब्रुवारी १९२८. वडील ज्यू, आई ख्रिस्ती, म्हणून चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याला घरी राहू दिलं आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये तेरेझिनच्या घेटोत पाठवलं. तिथे मुलांच्या वसतिगृहात, ‘पहिल्या घरात’, त्याने एक साप्ताहिक काढलं. नाव ‘वेदेम’, म्हणजे ‘आम्ही पुढे नेतो’. एकच हस्तलिखित प्रत असायची आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. आपल्या शाळांमधल्या हस्तलिखितांची आठवण यावी असंच ते. पेत्र संपादक. कुणी लेख द्यायला टाळाटाळ केली तर घरून आलेल्या खाऊतलं देऊन तो लेख मिळवायचा. घेटोतली बेकरी, अग्निशमन केंद्र, प्रेतागार, असं एकेक ठिकाण तो बघून यायचा आणि त्यावर लिहायचा. दोन वर्षं हे चाललं.

या मुलांबरोबर एक शिक्षक होता, वाल्टर आयझिंगर. तिशीही न उलटलेला, मुलांच्या खोलीतच झोपणारा. ज्यू मुलांना शिकवायला बंदी होती. म्हणून दाराशी एक मुलगा पहाऱ्याला उभा, आणि शिपाई येताना दिसला की वह्या गायब आणि सगळे केर काढतायत. आयझिंगरला ठाऊक होतं की यांतल्या कुणालाही कधीही पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांच्या गाडीत चढवतील. तरी तो शिकवत राहिला. तोही परत आला नाही. मी स्टाफरूममध्ये अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून कुरकुरायला तोंड उघडते तेव्हा मला हा माणूस आठवतो.

२८ सप्टेंबर १९४४ ला पेत्रला आउशविट्झच्या गाडीत बसवलं. त्याची धाकटी बहीण एव्हा तेव्हा तेरेझिनमध्ये होती. गर्दीतून वाट काढत तिने त्याच्या हातात पावाच्या चकत्या दिल्या. तो तिथे मारला गेला, वय सोळा. एव्हा वाचली. पहिल्या घरात राहून गेलेल्या शंभराच्या आसपास मुलांपैकी पंधरा वाचली. झ्देन्येक टाउसिग हा त्यांतला एकटाच शेवटपर्यंत तेरेझिनमध्ये राहिलेला. ‘वेदेम’ची आठशेच्या आसपास पानं त्याने लपवून ठेवली होती.

पेत्रने पृथ्वी चंद्रावरून कशी दिसेल त्याचं एक चित्र काढलं होतं. २००३ मध्ये त्या चित्राची प्रत इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन यांनी सोबत नेली. यान होतं कोलंबिया. तेच, ज्यात आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारीला ते यान परतताना कोसळलं तेव्हा पेत्रचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. त्या बातम्यांमधून चित्र टीव्हीवर झळकलं, आणि प्रागमध्ये एका माणसाला आठवलं की आपल्या माळ्यावर सापडलेल्या वह्यांतली चित्रं अशाच हाताची आहेत. ती पेत्रची प्रागमधली डायरी निघाली. आपल्या प्रत्येक शाळेत कल्पना चावलाचा फोटो आहे. त्या फोटोखाली उभं राहून ही गोष्ट सांगा. मुलांना पोलंड, बोहेमिया शोधत बसावं लागत नाही, ती सरळ आत येतात.

काही विनंत्या आहेत, त्या मनापासून करते. प्रेतांच्या ढिगाऱ्यांचे फोटो प्रोजेक्टरवर दाखवू नका. मुलं हादरतात, शिकत काहीच नाहीत, आणि त्या फोटोतल्या माणसांची परवानगी कुणी घेतलेली नाही. छावणीचं नाटुकलं बसवू नका. ‘तुम्ही असता तर काय केलं असतं’ असा निबंध घालू नका. आपल्यापैकी कुणालाच ते सांगता येणार नाही, आणि उत्तर लिहिता लिहिता प्रत्येक मूल स्वतःला वीर ठरवून मोकळं होतं. वाचले ते हुशार आणि मेले ते कमी पडले, असं चुकूनही बोलण्यात येऊ देऊ नका. कुणाचा कोट तारेत अडकला, कुणाचा नाही.

आणि एक गोष्ट भाषेची. कडक शिक्षकाला ‘हिटलर’ म्हणणं आपण हसण्यावारी नेतो. हिटलरचं आत्मचरित्र मराठीत स्टेशनवरच्या स्टॉलवर यशाच्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं, आणि देशाला तसाच माणूस हवा असं नववीतला मुलगा सहज बोलून जातो. त्याला रागावू नका. त्याला रुदाशेव्स्कीचं पान वाचायला द्या.

दरवर्षी मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुराबद्दलही सांगायला हवं, कारण आपले सहकारीच तो पुढे पाठवतात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण ते बहुतेक सगळे ख्रिस्ती होते, स्टॅलिनच्या हद्दपारीतून आलेले. त्यांना ‘हिटलरपासून वाचलेली ज्यू मुलं’ म्हणू नका. त्याने त्यांचंही खरं दुःख झाकलं जातं. त्याच सोव्हिएत वाटेने इराणला पोहोचलेली ज्यू मुलं, ज्यांना ‘तेहरानची मुलं’ म्हणतात, ती १९४३ मध्ये जहाजाने तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कराचीवरून पॅलेस्टाइनला गेली, कारण इराकने रस्ता नाकारला होता. आपल्या भूमीशी त्यांचा संबंध आहे तो असा. आणि ज्यू म्हणजे कुणी परके, असं वर्गाला वाटत असेल तर कोकणातल्या शनवार तेल्यांपासून, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंपासून, सुरुवात करा. शतकानुशतकं आपल्याशी मराठीत बोलत आलेली माणसं आहेत ती.

या विषयाला वार्षिक नियोजनात दोन तास काढा. दोनच. तुमच्या वर्गात तो प्रश्न आला, तर मुलाने तो कोणत्या शब्दांत विचारला ते मला जरूर लिहून कळवा. मी जमवते आहे.

तो मागच्या बाकावरचा मुलगा मला गेल्या दिवाळीत बाजारात भेटला. आता तो नोकरी करतो. मी त्याला म्हटलं, तुझं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय. त्याला तो तास आठवतही नव्हता. कंदिलांच्या दुकानासमोर उभ्या उभ्या मी त्याला तोइवीची गोष्ट सांगितली. निरोप, कुंपण, कोट, सगळी. तो ऐकत राहिला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, “मॅडम, ते दूध मग तसंच राहिलं असेल घरात.”

आपली,
एक इतिहास शिक्षिका